जागा सहा

रिकामी जागा म्हणजे

फोनचा रिसीव्हर मान आणि खांद्यात धरून वेनेतानं आकडेवारी कार्यालयाच्या कागदावरच्या त्या वाक्यावर बोट ठेवलं आणि ते पुन्हा एकदा मोठ्यानं वाचलं. वाक्य लांब होतं. मध्ये कुठं थांबायचं ते तिला अजून सापडलं नव्हतं, आणि शेवटापर्यंत तिचा श्वास पुरत नव्हता.

पलीकडं दाफिन्का होती. विजेच्या मोटारींच्या कारखान्यात माणसं घेणं, काढणं, त्यांच्या रजा, त्यांचे दाखले, सगळं तिच्याकडं. दोघी एका बाकावर बसून शिकलेल्या.

“झालं?”

“झालं.”

“कुणी लिहिलंय गं हे?”

“सगळ्या देशांनी मिळून.”

“तरीच. एकट्या माणसाचं डोकं इतकं बिघडत नाही.”

“मला ते जसंच्या तसं वाचावं लागतं, दाफिन्का. लिस्बनमधल्या बाईला जे ऐकू येईल तेच तुला ऐकू यायला हवं. तरच आकडे शेजारी ठेवता येतात.”

“लिस्बनच्या बाईला कळतं?”

“ते विचारायचा रकाना नाही.”

दाफिन्का हसली. तिच्या हसण्यात सिगारेटचा खोकला होता. “लिही, सहा. दरवेळी सहाच सांगते की मी. वाइंडिंगमधल्या सहा खुर्च्या रिकाम्या. इथून काचेतून दिसतात मला. एकीवर कुणीतरी निवडुंगाची कुंडी ठेवलीय. ती धरायची का नाही ते तू सांग.”

“त्या भरायला काही करताय तुम्ही? जाहिरात, रोजगार कार्यालयाला कळवणं, निदान कुणाजवळ बोलणं?”

“कशाला? माणूस गेला की वरून निरोप येतो, जागा तशीच राहू दे. मी नाव खोडते. खुर्ची राहते.”

“मग सहा नाही होत. शून्य.”

“अगं, दिसतायत मला!”

“खुर्च्या नाही मोजायच्या आता. शोध मोजायचा. कुणी कुणाला शोधत नसेल तर जागा नाही.”



“असं बघितलं तर माझ्या पलंगावरही रिकामी जागा नाही म्हणायची,” दाफिन्का म्हणाली.

तिचा नवरा वारून बरीच वर्षं झाली होती. वेनेताचा वारला नव्हता, स्पेनला गेला होता. दोघींनी मिळून एवढ्या विनोदाला पुरेल इतकं हसून घेतलं, आणि वेनेतानं रकान्यात शून्य काढलं.

नव्यानं निर्माण झालेली, मोकळी असलेली, किंवा लवकरच मोकळी होणार असलेली पगारी जागा,

ओग्न्यान बाहेरच्या बैठकीहून आला की दोन दिवस स्वच्छ दाढी करून यायचा. आकडेवारी कार्यालयाची ब्रॉद गावातली शाखा म्हणजे तो प्रमुख, वेनेता, आणि आजारपणाच्या रजेवरचा एक ड्रायव्हर. खालच्या मजल्यावर रोजगार कार्यालय. तिथं सुईणीपासून ट्रॅक्टरवाल्यापर्यंत सगळे येऊन बेकारीचा शिक्का मारून घ्यायचे आणि शिक्का वाळेपर्यंत पायऱ्यांवर बसायचे.

“डेन्मार्कच्या बाईला मी आपल्या पदांच्या यादीचं समजावत होतो,” तो म्हणाला. “म्हटलं, आमच्याकडे प्रत्येक कारखान्यात मंजूर पदांची यादी असते. ज्या ओळीत नाव नाही ती रिकामी जागा. वर्षानुवर्षं आम्ही हेच मोजत आलो. ती म्हणाली, म्हणजे जो माणूस नाही त्याची तुम्ही नोंद ठेवता? मी म्हटलं, बाई, आमच्या भागात तीच नोंद मोठी आहे.”

“हसल्या?”

“दुभाष्या हसला. तो आपल्याकडचाच.” त्यानं तिच्या टेबलावरचा तक्ता स्वतःकडं फिरवला. शून्य, शून्य, बेकरीचं एक, शून्य. “वेनेताबाई, हे असं राजधानीला, सोफियाला जाणार?”

“नियमाप्रमाणं विचारलं. उत्तर आलं ते लिहिलं.”

“तेच मी म्हणतोय. इतर सगळ्या देशांत रंग भरलेला, आणि नकाशात आपला जिल्हा पांढराफटक. मंत्रालय तो नकाशा बघून ठरवणार, कुठल्या गावात प्रशिक्षणवर्ग ठेवायचे, कुठलं रोजगार कार्यालय चालू ठेवायचं. इथं कुणालाच माणसं नको असतील तर खालचं कार्यालय हवं कशाला? आणि खालचं गेल्यावर वरच्या मजल्याचं भाडं कोण देणार?”

वेनेतानं तक्ता परत स्वतःकडं ओढला. तिच्या टेबलाच्या काचेखाली इवानं काढलेलं चित्र होतं: एक घर, एक बस, आणि बसच्या खिडकीत एक हात. इवा तिची नात. इवाची आई रालित्सा जर्मनीत, पार्सलच्या गोदामात. काल रात्रीच्या फोनवर रालित्सानं सांगितलं होतं की तिकडच्या शाळेत इवाची जागा होईल, शरद ऋतूत येऊन घेऊन जाईन. वेनेता चांगलं झालं म्हणाली होती, आणि फोन ठेवल्यावर तिनं इवाचे हिवाळी मोजे मोजायला काढले होते, जूनमध्ये.

“खोटं लिहा असं मी सांगत नाही,” ओग्न्यान म्हणाला. “मी आयुष्यात कुणाला सांगितलेलं नाही. पण महिनाअखेरच्या दिवशी जी स्थिती असेल ती खरी. अजून आठवडा आहे. माणसाला कधीकधी माहीतच नसतं की तो शोधतोय. तुम्ही विचारायला गेलात तर आठवेल.”

ती त्याच दुपारी निघाली. जाण्याआधी तिनं दाफिन्काला फोन केला.

“ये की,” दाफिन्का म्हणाली. “वाइंडिंगचा स्पास मिस्त्री अजून दवाखान्यातच आहे. त्याची खुर्ची धरायची का, लवकरच मोकळी होणारी म्हणून?”

“दाफिन्का!”

“वाक्यात आहे, बाई. मी नाही लिहिलेलं.”

जी भरण्यासाठी मालक प्रत्यक्ष हालचाल करत आहे,

कारखान्याच्या गेटची डावी बाजू निधनपत्रकांची. काळ्या चौकटीतला फोटो, नाव, वय, खाली दोन ओळी. मग चाळीस दिवसांचं, सहा महिन्यांचं, वर्षाचं. ब्रॉदमध्ये लोक गेटवर दुसरं काही लावत नाहीत आणि लावलेलं कुणी काढत नाही. ऊन आणि पाऊस नेईल तेव्हा नेईल. कामावर येणारा माणूस आधी डावीकडं बघतो, मग कार्ड लावतो.

“एक कागद लावलात तरी पुरे,” वेनेता म्हणाली. “तीही हालचालच आहे. यादीत स्पष्ट दिलंय, सार्वजनिक जागी सूचना.”

“आणि कुणी आलं तर?”

“येईल कोण?”

दाफिन्कानं खिडकीबाहेर बघितलं. बाहेर अंगणात कुणी नव्हतं. “तेही खरंच.”

“डायरेक्टर काय म्हणतील?”

“त्याला सांगेन, युरोपचा नियम आहे. युरोप म्हटलं की तो कमरेत वाकतो.” तिनं कोरा कागद ओढला. “पण वेनेता, एक सांगू? हे भरणार नाहीत. वरचे लोक तिकडं बसून वाट बघतायत, की इथले एकेक करून आपोआप संपावेत. शेवटचा गेला की मीच दार लावायचं. वाक्यात ते शेवटी काहीतरी आहे ना, इच्छा वगैरे?”

“भरू इच्छितो.”

“मग?”

वेनेतानं पर्सचा पट्टा सारखा केला. “मनातलं कसं मोजणार? कागद मोजता येतो.”

दाफिन्कानं तिच्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं. मग मोठ्या, गोल, शाळेतल्या अक्षरात लिहिलं: *वाइंडिंगसाठी कामगार पाहिजेत. जागा सहा.* टेप संपली होती. पत्रकं चिकटवायची खळ आणि ब्रश पहारेकऱ्याच्या खोलीत असायचा, तोच दोघींनी आणला. डावीकडंच मोकळी जागा होती. कागद लावून होतो न होतो तोच सायकलवरून जाणारी एक म्हातारी उतरली, छातीवर क्रुसाची खूण केली आणि डोळे बारीक करून वाचू लागली.

“कोण वारलं?”

“कुणी नाही, आजी. काम आहे.”

म्हातारीनं दोघींकडं आळीपाळीनं बघितलं, थट्टा करताहेत की काय अशा नजरेनं, आणि सायकलवर बसून निघून गेली.

संध्याकाळी वेनेतानं शून्य खोडून सहा केले. गिरणी, बेकरी आणि दूध डेअरीलाही तिनं अशीच आठवण करून दिली. त्या रात्री तिला छान झोप लागली. खोटं काहीच नव्हतं. गेटवर कागद होता, कागदावर सहा होते, रकान्यात सहा होते.

स्पास मिस्त्री जुलैत गेला. त्याचं पत्रक त्या कागदाच्या शेजारी लागलं.

आणि योग्य उमेदवार मिळावा म्हणून पुढंही करायला तयार आहे,

ऑगस्टच्या शेवटी गल्लीत सगळीकडं लाल, जाड, गोड्या मिरच्या भाजत होत्या. वेनेता अंगणात पत्र्याच्या भट्टीजवळ बसून साली काढत होती, इवा देठ आणि बिया बादलीत टाकत होती. फाटकाशी दोन बॅगा टेकल्या. चाकांचा आवाज आला तेव्हा वेनेताला वाटलं, शेजाऱ्यांकडं कुणी आलं असेल.

इवानं आईला बघितलं आणि बादलीमागं सरकली. तिथूनच तिनं विचारलं, “किती दिवस सुट्टी?”

“सुट्टी नाही,” रालित्सा म्हणाली. ती हसत होती आणि तिचं नाक लाल झालं होतं. “आले.”

मग जे व्हायचं ते झालं. रडणं, मिठ्या, हाताला मिरचीचा रंग म्हणून नुसतं कोपरांनी धरणं. इवा आईच्या मांडीवर चढून तिच्या जाकिटाची चेन वरखाली करत बसली.

“तू तर तिला न्यायला येणार होतीस,” वेनेता म्हणाली.

“नेणारच होते. करार समोर ठेवला होता त्यांनी, कायमचा. पेन पण दिलं होतं. म्हटलं, सोमवारी सही करते. आणि रविवारी मिल्कानं हे पाठवलं.” तिनं फोन पुढं केला.

फोटो स्पास मिस्त्रीच्या पत्रकाचा होता. काळी चौकट, मिशा, टोपी. रालित्सा त्याच्याच हाताखाली वाइंडिंग, म्हणजे मोटारीत तांब्याची तार गुंडाळायचं काम, शिकली होती. तार किती ताणायची ते तो बोटावर बोट आपटून सांगायचा. मिल्का म्हणजे रालित्साची शाळेतली मैत्रीण. तिनं मिस्त्री गेल्याचं उशिरा का होईना कळवायला हा फोटो काढला होता.

“मिस्त्री नाही गं. हे बघ. कडेला.”

रालित्सानं दोन बोटांनी चित्र मोठं केलं. फोटोच्या डाव्या कडेला दुसऱ्या एका कागदाची पट्टी आली होती. मोठं, गोल, शाळेतलं अक्षर. *…गार पाहिजेत. जागा सहा.*

“मी रात्रभर तेच बघत होते,” रालित्सा म्हणाली. “म्हटलं, काय पाहिजेत? मग मिल्काला परत पाठवलं गेटवर. आई, वाइंडिंग! माझं काम! म्हातारा जाता जाता मला जागा दाखवून गेला.” तिनं बाहीनं नाक पुसलं. “खोली सोडली. सामान पोरींना वाटून टाकलं. तुला माहीत होतं ना? तू तर हेच मोजतेस. एका शब्दानं बोलली नाहीस!”

“बंदी असते आम्हाला,” वेनेता म्हणाली. “कुठल्या कारखान्यात किती, ते बाहेर सांगायचं नसतं. घरीसुद्धा.”

हे खरं होतं. त्यावर तिची सही होती.

“बघ की! लेक तिकडं खोके उचलतेय आणि आई गुपित सांभाळतेय.” रालित्सा मोठ्यानं हसली आणि इवाला म्हणाली, “तुझी आजी म्हणजे नुसती तिजोरी आहे.”

कागदामागचं खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. लहानसं. जर्मनीची बस गुरुवारी परत जाणार होती, आणि सोमवारचं पेन कदाचित अजून कुणी उचललंही नसेल. वेनेतानं पुढची मिरची घेतली. साल सुटत नव्हती म्हणून तिनं ओढली, तसा गरही सालीबरोबर आला आणि हातात नुसता देठ राहिला.

इवानं तो तिच्या हातातून घेऊन बादलीत टाकलं.

(उमेदवार बाहेरचा हवा),

“तुझी पोरगी आली होती.”

“मला माहीत आहे.”

“नवा ब्लाउज घालून आली होती, वेनेता. आणि डबा घेऊन. म्हणाली, लागलंच तर आजच बसते.”

“तू काय म्हणालीस?”

“काय म्हणणार? अर्ज ठेवून जा म्हटलं. कळवू म्हटलं. डायरेक्टरला दाखवला, तर तो मलाच विचारतो, हा कागद लावायला कुणी सांगितला होता? मी म्हटलं, युरोपनं.”

“बरं झालं.”

“बरं? तिनं काचेतून बघितलं. त्या कुंडीवाल्या खुर्चीकडं. मला म्हणते, दाफिन्का मावशी, ती मिस्त्रीच्या शेजारची, ती माझी. कुंडी मी घरी नेईन. आणि चॉकलेटचा डबा दिलाय मला, जर्मनीचा. टेबलावर पडलाय. मी उघडणार नाही. तू येऊन घेऊन जा.”

“दाफिन्का, तू तिला सांगितलं नाहीस ना…”

“मी का सांगू? तुझी लेक आहे. मला कुंडीचं उत्तर सुचलं नाही, त्यात सगळं आलं.”

वेनेता चॉकलेट आणायला गेली नाही.

आणि जी तो ताबडतोब, किंवा ठरावीक मुदतीत,

शाळा सुरू झाली. रालित्सानं इवाचं नाव ब्रॉदच्याच शाळेत घातलं. “त्यांचं बोलावणं येईपर्यंत तरी पोरीचं वर्ष कशाला घालवायचं?” पहिल्या दिवशी इवानं बाईंना डेलियाची फुलं दिली आणि फोटोत तिघी एका ओळीत उभ्या राहिल्या. वेनेताच्या घरात संध्याकाळी तीन ताटं लागू लागली. कधी भाजीत मीठ जास्त झालं तर दोन जणी एकदम ओरडायच्या. तिला ते ऐकायला इतकं बरं वाटायचं की एकदोनदा तिनं मुद्दाम जास्त घातलं.

सकाळी इवाला सोडून रालित्सा गेटवरून परत यायची. तिचा हिशेब सरळ होता. कागद आहे म्हणजे जागा आहे. जागा आहे म्हणजे अजून दुसऱ्या कुणाला दिलेली नाही.

“ते असं चिवटपणे लावून ठेवतात म्हणजे खरंच कुणी मिळत नाहीये त्यांना,” ती जेवताना म्हणायची. “मग मला का नाही बोलावत?”

“मोठ्या ठिकाणी वेळ लागतो.”

“तिकडं गोदामात त्याच दिवशी घ्यायचे.”

“तिकडचं तिकडं.”

महिनाअखेरीस वेनेतानं टेलिफोन जवळ ओढला. नियमाप्रमाणं प्रश्न जसाच्या तसा वाचायचा होता, आणि तिनं तो वाचला. श्वास कुठं घ्यायचा ते आता तिला जमलं होतं.

“हो,” दाफिन्का म्हणाली. आज ती कागदपत्रांच्या आवाजात बोलत होती. “हालचाल चालू आहे. सूचना लावलेली आहे.”

“उमेदवार आले?”

“एक आली होती.”

“योग्य होती?”

दाफिन्का म्हणाली, “डायरेक्टरचं म्हणणं, सध्याच्या परिस्थितीत योग्य नाही. तुझ्याकडं तसा रकाना आहे?”

“आहे.”

“असणारच.”

“म्हणजे शोध अजून चालू आहे.”

“चालू आहे. चालूच राहणार.” दाफिन्कानं सिगारेट पेटवल्याचा आवाज आला. “सात म्हणू का? मिस्त्री धरून?”

“कागदावर सहाच आहेत.”

“मग सहा.”

वेनेतानं सहा लिहिले. लिहिताना तिला एक विचित्र गोष्ट लक्षात आली. जूनमधल्या सहांपेक्षा हे सहा नियमात जास्त घट्ट बसत होते. जूनमध्ये फक्त कागद होता. आता उमेदवारही येऊन गेली होती.

दुपारी ओग्न्यान नकाशा घेऊन आला. सगळ्या युरोपचा, घडीचा, चकचकीत. त्यानं तो तिच्या टेबलावर, इवाच्या चित्रावरच पसरला. “हे बघा. निळा! फिका आहे, पण निळा. सोफियाहून खास फोन आला, तुमच्याकडचं उत्तर देण्याचं प्रमाण अख्ख्या प्रदेशात पहिलं.” त्यानं नखानं जिल्ह्यावर टिचकी मारली. “आणि खालच्यांना वर्ग मंजूर झाला. हिवाळाभर चालेल. कशाचा असेल?”

“कशाचा?”

“वाइंडिंगचा! मागणी आहे ना. सहा जागांना निदान बारा शिकाऊ हवेत, आणि गावात बारा कुठून आणायचे हा त्यांना प्रश्न पडलाय. तुमची मुलगी रिकामीच आहे ना? तिचं नाव घाला. विद्यावेतन मिळेल.”

“तिला येतं वाइंडिंग.”

“मग पहिली येईल,” ओग्न्यान म्हणाला.

रालित्साला घरी सांगितलं तेव्हा तिचं नाक पुन्हा लाल झालं, पण ती हसली. “बघ, म्हणजे खरंच भरणार आहेत. वर्गातून घेणार असतील. नियम असेल तसा काहीतरी.” मग ताटातल्या पावाचा तुकडा फिरवत ती म्हणाली, “तरी मी एक ठरवलंय. तो कागद आहे तोवर थांबायचं. ज्या दिवशी काढतील त्या दिवशी समजायचं संपलं. मग मी इवाला घेऊन सरळ जाते. तिकडं पुन्हा खालपासून सुरू करावं लागेल, पण जाते. आणि परत नाही यायची, आई. दोनदा नाही जमायचं मला.”

इवा दोघींच्या तोंडाकडं बघत होती. वेनेतानं तिच्या ताटात आणखी एक मिरची वाढली.

भरू इच्छितो.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसातून जरा लवकर निघाली आणि घरच्या रस्त्याला न वळता सरळ गेली. पर्समध्ये तिनं नखं कापायची छोटी कात्री टाकली होती. कागद खळीनं चिकटवलेला आहे, ओढून फाटेल, कोपरे राहतील. रालित्सा सकाळी ते कोपरे बघेल. त्यापेक्षा कडेनं नीट सोडवून काढावा. वाऱ्यानं गेला असं वाटेल.

पहिली पाळी सुटून गेली होती. पहारेकऱ्याच्या खोलीत रेडिओवर फुटबॉल चालला होता. डावीकडं स्पास मिस्त्रीचा चेहरा उन्हानं पिवळा पडला होता, मिशा आणि टोपी तेवढी राहिली होती. त्याच्या खाली चाळीस दिवसांचं दुसरं पत्रक, फोटो तोच, जरा ताजा. शेजारी दाफिन्काचं अक्षर. *पाहिजेत* फिकट झालं होतं. *सहा* ठसठशीत होतं. ते दाफिन्कानं दोनदा गिरवलं होतं.

वेनेतानं कात्री काढली. घरी जाऊन काय बोलायचं ते तिनं वाटेत जमवलं होतं. वाक्य तेच होतं, ऑगस्टमधलं, लहानसं. आता ते म्हणायचं म्हणजे त्याला आणखी दोनतीन वाक्यं जोडावी लागणार होती, पण तीही तयार होती. पुढच्या गुरुवारी बस होती. पोरीचा तिकडच्या शाळेत फार तर महिना बुडाला असता.

वरचा उजवा कोपरा आधीच सुटला होता. वाऱ्यानं तो हलत होता, एखाद्यानं बाहेरून दाराची कडी वाजवावी तसा, ठक, ठक. तिनं तो चिमटीत धरला. खळ वाळून पिठूळ झाली होती. कात्रीचीही गरज नव्हती. नुसतं ओढलं असतं तरी एका झटक्यात, अखंड, हातात आलं असतं.

रस्त्याच्या वळणावर इवाचा आवाज आला. ती शाळेतलं काहीतरी म्हणत होती, पाढ्यासारखं, आणि चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. रालित्सा मध्येच तिला सांगत होती आणि स्वतःही चुकत होती. त्या दोघी नेहमीच्या वाटेनं, गेटवरून येत होत्या.

वेनेतानं कात्री पर्समध्ये टाकली. अंगठा जिभेला लावून ओला केला, सुटलेल्या कोपऱ्याच्या मागून फिरवला, आणि तो कोपरा पत्र्यावर दाबून धरला, चिकटेपर्यंत.